स्टीव सोपरच्या नावावर ब्रिटिश टायटल का नाही, त्याची पार्श्वभूमी

ब्रिटिश टूरिंग कार (म्हणजे रस्त्यावरच्या गाड्यांवरून बनवलेल्या रेसच्या गाड्या) ड्रायव्हर स्टीव सोपरचं नाव निघालं की विषय १९९२ च्या सिल्व्हरस्टोन ट्रॅकवरच्या रेसवर जातोच, ती धडक, ते दोन बोटांचे इशारे वगैरे. पण मला विचाराल तर खरा घोळ त्याच्या नऊ वर्षं आधीचा आहे आणि तो समजला की पुढचं बरंच समजतं.

जन्म १९५१ चा, मिनी आणि मेट्रोसारख्या छोट्या गाड्या पळवत वर आलेला माणूस, ते सोडून देऊ. १९८३ ला ब्रिटिश सलून कार चॅम्पियनशिपमध्ये, म्हणजे ब्रिटनच्या टूरिंग कार स्पर्धेत, ग्रुप ए चे नियम आले. कंपनीने बारा महिन्यांत किमान ५,००० गाड्या बनवायच्या, मग त्या मॉडेलचा एक अधिकृत कागद होतो, त्यालाच होमोलोगेशन म्हणतात. कागदात जे आहे तेच रेसच्या गाडीत पाहिजे, थोडक्यात एवढंच. सगळी भांडणं या 'थोडक्यात' मध्ये आहेत. पत्रा आतून किती वाकवला तर चालतो, इंजिनातला एखादा पार्ट मूळचाच घासूनपुसून घेतलाय की सरळ नवा टाकलाय, हे त्या कागदावरून दर वेळी कळतंच असं नाही, आणि प्रत्येक टीमचा इंजिनियर आपल्याला सोयीचं तेच वाचतो.

सोपर त्या वर्षी रोव्हर व्हिटेसमध्ये होता. साडेतीन लिटरचा व्ही८, टीम फॅक्टरीची. या रोव्हर अक्षरशः सगळ्यांना धुऊन काढत होत्या आणि सीझन संपला तेव्हा पॉइंट्समध्ये सोपर वर होता, म्हणजे चॅम्पियन. पण प्रतिस्पर्धी टीमने तक्रार केली की रोव्हरच्या बॉडीत आणि इंजिनात कागदाबाहेरचे बदल आहेत. प्रकरण ट्रिब्युनलपर्यंत, म्हणजे अशा तक्रारींचा निवाडा करणाऱ्या मंडळापर्यंत गेलं, रेंगाळलं, आणि १९८४ चा सीझन अर्धा झाला तेव्हा निकाल आला की रोव्हरचे १९८३ चे पॉइंट्स रद्द. टायटल गेलं अडीच लिटरची अल्फा रोमिओ जीटीव्ही६ चालवणाऱ्याकडे. कंपनीनेही मग चॅम्पियनशिपमधून अंग काढून घेतलं. गंमत म्हणजे तोच अल्फावाला १९८४ ला पुन्हा चॅम्पियन झाला आणि गाडी कुठली, तर रोव्हर व्हिटेस, फक्त टीम वेगळी.

आता गाडी नियमात बसत नव्हती असं ट्रिब्युनल म्हणतंय तर ते मान्य करावं लागतं. पण निकालाला इतका वेळ लावायचा, माणसाला चॅम्पियन म्हणून मिरवू द्यायचं आणि मग काढून घ्यायचं, हे काही पटत नाही. पत्रा ड्रायव्हर वाकवत नाही. रेकॉर्डमध्ये मात्र ओळ ड्रायव्हरच्या नावाची असते.

आणि हे एकदाच झालं असतं तर अपघात म्हटलं असतं. १९८७ ला पहिली वर्ल्ड टूरिंग कार चॅम्पियनशिप झाली, सोपर तेव्हा एका स्विस टीमच्या फोर्ड सिएरा आरएस५०० मध्ये होता. ऑस्ट्रेलियात बाथर्स्टची १००० किलोमीटरची रेस त्याने आणि त्याच्या बेल्जियन पार्टनरने जिंकली, दुसरा नंबर पण त्याच टीमचा. मग पुन्हा तक्रार, यावेळी पुढच्या मडगार्डांवरून, की मोठे टायर बसावेत म्हणून आकार बदललाय. काही महिन्यांनी दोन्ही फोर्ड बाद झाल्या आणि तिसरी आलेली होल्डन विजेती ठरली. एका ऑस्ट्रेलियन दिग्गजाच्या बाथर्स्टच्या नऊ विजयांपैकी नववा तो हाच. शिवाय सोपरच्या टीममधला जर्मन ड्रायव्हर त्या वर्षीची वर्ल्ड टायटल एका पॉइंटने हरला, म्हणजे मडगार्ड किती महागात पडलं बघा.

पुढे सोपर बीएमडब्ल्यूचा माणूस झाला, एम३ घेऊन जर्मनीत डीटीएम, म्हणजे तिथली टूरिंग कार चॅम्पियनशिप, आणि बेल्जियममधल्या स्पाची २४ तासांची रेस १९९२ आणि १९९५ अशी दोनदा जिंकली. १९९२ चं सिल्व्हरस्टोन यातच मधे येतं. ब्रिटिश चॅम्पियनशिपची शेवटची रेस, टायटलसाठी तिघं भांडणात, त्यातला एक सोपरचा टीममेट. सोपर मागून गाड्या कापत वर आला, टीममेटला पुढे जाऊ दिलं, आणि टायटलवर दावा असलेल्या व्हॉक्सहॉलवाल्याशी दोन कोपऱ्यांत दोनदा भिडला. दुसऱ्या वेळी दोघंही बाहेर, टीममेट चॅम्पियन. तो व्हॉक्सहॉलवाला स्कॉटिश ड्रायव्हर नंतर कॅमेऱ्यासमोर सोपरबद्दल म्हणाला की हा माणूस जनावर आहे. मुद्दाम केलं की नाही यावर अजून दोन तट आहेत, मला ती चाल धसमुसळी वाटते पण कट वाटत नाही. १९९३ ला सोपर स्वतः ब्रिटनमध्ये दुसरा आला, पहिला त्याचाच जर्मन टीममेट. शेवटी टायटल मिळालं ते १९९५ ला जपानमध्ये, बीएमडब्ल्यू ३१८ मध्ये, आणि ते कोणी काढून घेतलं नाही.

एन्ड्युरन्सच्या, म्हणजे लांब पल्ल्याच्या रेसच्या बाजूला १९९७ ची जीटी चॅम्पियनशिप सगळ्यात चांगली गेली. मॅक्लारेन एफ१ जीटीआर, सोबत एक फिनिश ड्रायव्हर, आणि सीझनअखेर दुसरा नंबर. हरवलं कोणी, तर मर्सिडीजच्या सीएलके जीटीआरने, जिची रस्त्यावरची आवृत्ती रेसिंगवाली पळायला लागल्यावर मागून बनली. मॅक्लारेन उलट आधी रस्त्यावरची गाडी होती. नियमाने ते चाललं. होमोलोगेशन हा शब्द या माणसाचा पिच्छा सोडत नाही तो असा. १९९९ ला फ्रान्समधल्या ल माँच्या २४ तासांच्या रेसमध्ये बीएमडब्ल्यूची मागच्या वर्षीची गाडी एका खासगी टीमकडून चालवून पाचवा आला.

२००१ ला पन्नाशीत ब्रिटिश चॅम्पियनशिपमध्ये परतला, प्यूजो ४०६ कूपे घेऊन. सीझनच्या शेवटी ब्रँड्स हॅचला मोठा अपघात झाला आणि त्या दुखापतीमुळे व्यावसायिक रेसिंग तिथेच थांबलं. बऱ्याच वर्षांनी जुन्या गाड्यांच्या रेसमध्ये मात्र पुन्हा हेल्मेट घालून दिसला. १९८३ च्या ओळीत नाव अजून अल्फावाल्याचंच आहे.