घंटेच्या काठाबाहेरच्या मुली

जून 2024 मध्ये शेंझेनला अठरा वर्षांखालच्या मुलींचा आशिया चषक झाला. त्यात चीनच्या झांग झियूला अडवायचं कसं, हे समोरच्या संघांना शेवटपर्यंत उमगलं नाही. वय 17, उंची 2 मीटर 20 सेंटिमीटर. बास्केटबॉलची रिंग जमिनीपासून 305 सेंटिमीटरवर असते, त्यामुळे ही मुलगी जवळजवळ उडी न मारताच चेंडू आत सोडायची. अंतिम सामन्यात तिने एकटीने 42 गुण केले. तरीही ऑस्ट्रेलियाच जिंकली, ही गोष्ट वेगळी.

आता थोडा हिशेब करू. लोकांच्या उंचीचा आलेख काढला की घंटेसारखा आकार येतो: मधे गर्दी, दोन्ही काठांना तुरळक माणसं. आज चीनमधल्या तरुणींची सरासरी उंची साधारण 163 सेंटिमीटर आहे. आलेखाचा पसरट​पणा, म्हणजे प्रमाण विचलन, 6 सेंटिमीटर धरलं, तर दोन मीटरची बाई तीन अब्जांत जेमतेम एखादी निघावी. चीनमध्ये बायका सत्तर कोटींच्या आसपास, म्हणजे अशी एकही सापडली नाही तरी नवल नको. पण 1992 च्या ऑलिंपिकमध्ये रौप्यपदक मिळवणारी झेंग हायश्या 2.04 मीटरची होती. आजच्या संघातल्या हान शू आणि ली युएरू, दोघीही दोन मीटरच्या वर. झांगपर्यंत पोचलं की हा हिशेब हातच टेकतो.

चुकतं कुठे? घंटेचं गणित असं गृहीत धरतं, की उंचीवर परिणाम करणारी हजारो जनुकं योगायोगाने एकत्र येतात, जणू चिठ्ठ्या टाकल्यासारखी. लग्नं मात्र चिठ्ठ्या टाकून होत नाहीत. चीनच्या क्रीडाशाळांमध्ये उंच मुलंमुली लहानपणीच निवडून एकत्र आणली जातात, आणि पुढे त्यांच्यातल्या काहींची आपसांत लग्नं होतात. प्रसिद्ध बास्केटबॉलपटू याओ मिंगची आई फांग फेंगदी 1.88 मीटरची, राष्ट्रीय संघाची कर्णधार, वडीलही बास्केटबॉलपटू. झांगचे आईवडील दोघेही खेळाडू. अशा घरातल्या मुलांची घंटा मुळात दुसरीकडेच सरकलेली असते.

शिवाय अख्ख्या देशाची घंटाही सरकली. 1985 पासून पोषण सुधारलं तशी चिनी मुलांची उंची झपाट्याने वाढली. सरासरी 157 वरून 163 झाली असं समजा: मधल्या गर्दीत कुणाला फारसा फरक जाणवणार नाही, पण 185 च्या वरच्या मुलींचं प्रमाण सुमारे 80 पट होतं. काठावरची गंमत हीच.

उंची थांबवतं कोण, हे त्याहून रंजक आहे. हाडांच्या टोकांशी कूर्चेची वाढपट्टी असते, आणि तिला कुलूप लावतं इस्ट्रोजेन हे संप्रेरक. मुलींमध्येच नव्हे, मुलग्यांमध्येही. 1994 मध्ये एका 28 वर्षांच्या पुरुषाची नोंद प्रसिद्ध झाली. त्याच्या शरीराला इस्ट्रोजेनचा संदेश कळतच नव्हता. उंची 204 सेंटिमीटर, आणि वाढ अजून चालूच! मुलींमध्ये हे कुलूप लवकर लागतं, म्हणून त्या सरासरीने मुलग्यांपेक्षा बुटक्या. क्रीडाशाळांसाठी निवड करताना हाताचा एक्स-रे काढतात तो याच पट्ट्या पाहायला: वाढीला किती वाव उरलाय याचा अंदाज त्यावरून बांधतात.

प्रत्येक अतिउंच बाई आजारी असते, हा समज मात्र चुकीचा. आजारातून आलेली उंची वेगळी. आन्हुई प्रांतातली याओ देफेन 2.33 मीटरची होती, कारण तिच्या मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूषिका ग्रंथीत गाठ होती आणि वाढीचं संप्रेरक बेसुमार स्रवत होतं. 2012 मध्ये, चाळिशीतच ती गेली.

निरोगी उंचीलाही भाडं भरावं लागतंच. 165 सेंटिमीटरची मुलगी त्याच प्रमाणात 220 ची केली, तर वजन जवळपास 2.4 पट होतं, पण हाडाच्या छेदाचं क्षेत्रफळ 1.8 पटच. म्हणजे प्रत्येक चौरस सेंटिमीटर हाडावर एक तृतीयांश भार जादा, तोही उभं असताना. धावताना आणि उडीनंतर पाय टेकताना गुडघ्यांवर काय येत असेल, ते वेगळंच.