स्वर्गीय माता आणि सर्वसमर्थ पिता : एका मतभेदाची पार्श्वभूमी

देव सर्वसमर्थ पिता आहे, पण त्याच्याबरोबर स्वर्गीय माताही आहे का, यावर ख्रिस्ताला मानणाऱ्या पंथांत मतभेद आहे. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात सहा चर्चपरंपरा एकत्र येऊन ‘चर्च ऑफ नॉर्थ इंडिया’ स्थापन झाले. त्याआधी बाप्तिस्मा आणि बिशपपद यांवर अनेक वर्षे खल झाला होता. नायसियाच्या मतांगीकारातील (चर्चच्या प्राचीन श्रद्धा-घोषणेतील) ‘सर्वसमर्थ पिता’ मात्र सर्वांनाच मान्य होता. नागपूरच्या सदर भागातील कॅथलिक कॅथेड्रलातही हाच मतांगीकार चालतो. तेथे मरियेला इ. स. ४३१ च्या इफिस परिषदेने मान्य केलेला ‘देवमाता’ हा मान आहे, पण ती देव नव्हे.

ईश्वराला आई म्हणणे या परंपरेला परके नाही. यशया ६६:१३ मध्ये देव आईप्रमाणे सांत्वन करतो, आणि काही काळ नागपुरात राहिलेल्या नारायण वामन टिळकांनी तर ख्रिस्ताला ‘माउली’ म्हटले. मात्र शून्यातून सृष्टी निर्माण करणाऱ्या देवाला देह नाही आणि लिंगही नाही, त्यामुळे हे मातृत्व रूपकच राहते.

मॉर्मन चर्चचे संस्थापक जोसेफ स्मिथ यांनी नेमका हा पायाच बदलला. देवपित्याला देह आहे आणि त्याने सृष्टी शून्यातून निर्मिली नसून अनादी द्रव्यातून रचली, असे त्यांनी १८४० च्या दशकात अमेरिकेतील नॉवू येथे शिकवले. एकदा हे मानले की पित्याबरोबर माताही असणे ओघानेच येते. मॉर्मन कवयित्री एलायझा स्नो यांच्या १८४५ च्या कवितेत ही माता स्पष्टपणे अवतरली आणि १९०९ मध्ये मॉर्मन चर्चच्या सर्वोच्च नेतृत्वाच्या निवेदनात तिचा उल्लेख झाला. तिची प्रार्थना मात्र तेथे केली जात नाही. सर्वसमर्थतेचा अर्थही येथे पालटतो. ईश्वर स्वविरोधी गोष्ट करीत नाही, हे मध्ययुगीन कॅथलिक तत्त्वज्ञ थॉमस अक्वायनस यांनीही मानले होते, पण ती मर्यादा तर्काची होती. अनेक मॉर्मन विचारवंतांच्या मते अनादी द्रव्य आणि शाश्वत नियम हीच ईश्वरी सामर्थ्याची चौकट आहे.

दक्षिण कोरियात १९६४ मध्ये आन साँग-हाँग यांनी सुरू केलेल्या पंथाची वाट वेगळी आहे. गलतीकरांस पत्रातील ‘वरील यरुशलेम’ ही माता (४:२६) त्याचे अनुयायी जांग गिल-जा या समकालीन स्त्रीमध्ये पाहतात.

या मतभेदाचे व्यावहारिक परिणामही आहेत. पिता, पुत्र व पवित्र आत्म्याच्या नावाने झालेला प्रॉटेस्टंट बाप्तिस्मा व्हॅटिकन ग्राह्य धरते. मॉर्मन बाप्तिस्म्यात तीच नावे उच्चारली जात असूनही, त्यांमागची देवाविषयीची समजूत मूलतः वेगळी असल्याने, २००१ मध्ये त्याने तो अग्राह्य ठरवला.