कार्डाचे जीबी वेगळे, कार्डाचा जोर वेगळा

गेम अडकतो म्हणून ग्राफिक्स कार्ड बदलायचं ठरलं की पहिला प्रश्न येतो तो "किती जीबीचं घेऊ?" हाच. इंदूरच्या रामबागेतला अकरावीचा मुलगा हेच विचारतो, सुदामानगरातला त्याचा मावसभाऊ हेच विचारतो, आणि आरएनटी मार्गावरच्या सिल्व्हर मॉलमध्ये तर सौदाच या भाषेत होतो : "भिया, चार जीबी में दिखाऊँ या आठ में?" चिप, म्हणजे कार्डावरचा प्रोसेसर, कोणती, हे ना गिऱ्हाईक विचारतं, ना दुकानदार आपणहून सांगतो. मला याचा मनापासून त्रास होतो, कारण या एका चुकीच्या प्रश्नापायी पोरांचे साठवलेले पैसे अशा कार्डात जातात, जे लावल्यावर गेम होता तिथेच राहतो.

कार्डावरचे जीबी एवढंच सांगतात की एका वेळी किती सामान कार्डावर मावेल. त्या सामानातून चित्र किती भरभर काढलं जाईल, हे ठरतं चिपवर, आणि चिप व मेमरी यांच्यामधला रस्ता किती रुंद आहे त्यावर.

संगणकाची रॅम तुम्हाला ठाऊक आहेच. आठची सोळा केली की क्रोम आणि गेम एकत्र चालतात, भरली की सगळं मंदावतं. गोंधळाची सुरुवात तिथूनच होते. रॅमच्या बाबतीत 'जास्त जीबी म्हणजे बरं' हा हिशेब बहुतेक वेळा जुळतो, म्हणून तोच उचलून आपण कार्डाला लावतो. पण रॅमची पट्टी ही नुसती मेमरी असते. कार्डावर मेमरी असते आणि शिवाय स्वतःचा प्रोसेसरही असतो, आणि पैसे मुख्यतः त्या प्रोसेसरचे मोजायचे असतात.

एनव्हिडियाचं जीटी ७३० घ्या. २०१४ सालचं कार्ड, अजूनही दुकानात खोक्यात मिळतं, आणि खोक्यावर मोठ्या अक्षरांत '४ जीबी' असतं. यातल्या डीडीआर३ मेमरीच्या कार्डांत चिप आणि मेमरी यांच्यात सेकंदाला १४.४ किंवा फार तर २८.८ जीबी माहिती ये-जा करू शकते. याच ७३०चं दोन जीबीचं, जीडीडीआर५ या वेगवान मेमरीचं मॉडेल ४० जीबीपर्यंत जातं. म्हणजे नाव एकच, आणि निम्म्या जीबीचं कार्ड जास्त चपळ. आता जीटीएक्स १०५० टीआय बघा, २०१६चं. तेही चार जीबीचंच, पण तिथला वेग ११२ जीबी आणि चिपमधले कोअर, म्हणजे एकाच वेळी हिशेब करणारे छोटे भाग, ७६८. ७३०मध्ये ते मॉडेलप्रमाणे ९६ किंवा ३८४ असतात. ही दोन्ही कार्डं 'चार जीबीचीच आहेत' असं म्हणून एकाच काउंटरवर शेजारी ठेवली जातात, हे मला सहन होत नाही.

जीटी १०३०ची गोष्ट आणखी वाईट. २०१७मध्ये ते जीडीडीआर५ घेऊन आलं, वेग ४८ जीबी. पुढच्या वर्षी त्याच नावानं डीडीआर४चं मॉडेल आलं आणि वेग उतरला १६.८वर. दोन्ही दोन जीबीचीच. इथे तर जीबी विचारून काहीच हाती लागत नाही. खोक्याच्या कडेला बारीक अक्षरांत मेमरीचा प्रकार लिहिलेला असतो, तो वाचावा लागतो.

नर्मदेचं पाणी एक दिवसाआड येणाऱ्या इंदुरात हे समजायला जड जाऊ नये : गच्चीवरची टाकी हजार लिटरची असो की दोन हजारांची, खाली येणारा पाइप अर्ध्या इंचाचा असेल तर बादली तेवढ्याच वेळात भरते.

मग मोठ्या जीबीचं कार्ड हळू आणि लहान जीबीचं वेगवान, असं कंपन्या करतात तरी कशाला? याचं उत्तर कार्डाच्या बांधणीत आहे. कार्डावर मेमरीच्या छोट्या चिप्स बसवलेल्या असतात आणि प्रत्येक चिप ३२ बिटांच्या रस्त्यानं मुख्य चिपला जोडलेली असते. आरटीएक्स ३०६०चा रस्ता १९२ बिटांचा, म्हणजे सहा चिप्स. जीडीडीआर६च्या चिप्स तेव्हा एक किंवा दोन जीबीच्या मिळत; म्हणजे कार्ड सहा जीबीचं करा नाहीतर बाराचं. २०२१मध्ये सहा अपुरे पडले असते, म्हणून बारा आले. त्याच्याहून वरच्या ३०६० टीआयचा रस्ता २५६ बिटांचा, आठ चिप्स, प्रत्येकी एक जीबी, झाले आठ. टीआयमध्ये कोअर ४८६४, साध्या ३०६०मध्ये ३५८४. वेग ४४८ जीबी विरुद्ध ३६०. बारा जीबी बघून ३०६०ला टीआयपेक्षा वरचढ मानणारे आजही भेटतात. बहुतेक गेममध्ये टीआय स्पष्ट पुढे असतं.

उलटा प्रकारही आहे. नाव तेच, जीबी कमी, आणि त्या निमित्तानं चिपही गुपचूप छाटलेली. जीटीएक्स १०६०च्या सहा जीबीत १२८० कोअर, तीन जीबीत ११५२. आरटीएक्स ३०५० आठ जीबीत २५६० कोअर, २०२४मध्ये आलेल्या सहा जीबीत २३०४, आणि रस्ताही १२८ बिटांवरून ९६वर. ३०६०चं आठ जीबी मॉडेल २०२२मध्ये आलं. कोअर तेवढेच, पण वेग ३६०वरून २४०वर. अशा वेळी लोक म्हणतात, "बघ, जीबी कमी म्हणून हळू चालतंय." हळू चालतं ते चिप किंवा रस्ता कापल्यामुळे.

फक्त जीबी बदलले आणि बाकी सगळं तसंच राहिलं, तर काय होतं? हा प्रयोग कंपनीनंच करून दिला आहे. २०२३चं आरटीएक्स ४०६० टीआय आठ आणि सोळा जीबी अशा दोन रूपांत आलं. कोअर दोन्हीत ४३५२, वेग दोन्हीत २८८ जीबी. अमेरिकेत जाहीर झालेली किंमत ३९९ आणि ४९९ डॉलर. गेमचं सामान आठ जीबीत मावतं तोवर दोघांत जवळपास काहीच फरक पडत नाही. मावेनासं झालं की आठवालं अडखळतं आणि सोळावालं आपलं चालत राहतं. जीबीचं काम एवढंच, आणि ते महत्त्वाचंही आहे; फक्त ते एका मर्यादेनंतर सुरू होतं.

या मेमरीत भरतं काय, हेही नीट कळायला हवं. पडद्यावरचं चित्र फार जागा खात नाही. १९२० बाय १०८०चं एक चित्र म्हणजे साधारण ८.३ एमबी. जागा खातात ती टेक्श्चर्स, म्हणजे वस्तूंवर चढवलेली चित्रं : भिंतीची वीट, रस्त्याचं डांबर, माणसाची कातडी. ४०९६ बाय ४०९६चं एक टेक्श्चर तसंच ठेवलं तर ६४ एमबी, दाबून ठेवलं तर १६च्या आसपास, आणि दूरून दिसणाऱ्या लहान प्रती धरल्या की त्यावर आणखी एक तृतीयांश. अशी शेकडो टेक्श्चर्स एका दृश्यात असतात. २०२३च्या मार्चमध्ये 'द लास्ट ऑफ अस पार्ट वन' पीसीवर आला तेव्हा आठ जीबीची कार्डंसुद्धा याच कारणानं रडकुंडीला आली होती. पुढच्या सुधारणांनंतर त्रास कमी झाला.

कार्डावर जागा संपली की उरलेलं सामान संगणकाच्या रॅममध्ये ठेवलं जातं आणि लागेल तेव्हा, कार्ड मदरबोर्डावर ज्यात बसतं त्या स्लॉटमधून आणलं जातं. पीसीआय एक्सप्रेस ३.०चा पूर्ण सोळा लेनचा (माहितीच्या वाटांचा) स्लॉट सेकंदाला जेमतेम १६ जीबी आणतो. कार्डाची स्वतःची मेमरी दोनशे-तीनशेनं देत असताना हा पुरवठा म्हणजे खोळंबाच. एएमडीच्या २०२२च्या आरएक्स ६५०० एक्सटीचं दुखणं हेच : मेमरी चार जीबी, आणि स्लॉटशी जोडणाऱ्या लेन फक्त चार. जुन्या ३.० बोर्डावर हा वेग चार जीबीपर्यंत घसरतो. जुना डेस्कटॉप सुधारायला निघालेल्यानं हे कार्ड घेऊ नये, एवढं मी ठामपणे सांगतो.

आता मूळ तक्रारीकडे. "गेम लॅग मारतो" या एका वाक्यात निदान तीन वेगळे आजार असतात. ऑनलाइन खेळताना शत्रू एका जागेवरून दुसरीकडे उडी मारल्यासारखा दिसत असेल तर तो इंटरनेटचा प्रश्न; कार्डाचा काही संबंध नाही. उरलेल्या दोनांत मात्र नीट भेद करायला हवा.

चिप कमी पडते तेव्हा गेम सतत जड चालतो. भिंतीकडे तोंड केलं की फ्रेम (सेकंदाला दिसणारी चित्रं) वाढतात, झाडी-धूर-सावल्या आल्या की पडतात, पण पडतात त्या एका लयीत. मेमरी कमी पडते तेव्हा गेम छान पळत असतो, फ्रेमचा आकडा साठ दाखवतो, आणि तुम्ही वळलात किंवा नव्या भागात शिरलात की क्षणभर थिजतो. कधी समोरची भिंत आधी पुसट दिसते आणि दोन सेकंदांनी स्पष्ट होते. साठ फ्रेम म्हणजे प्रत्येकीला १६.७ मिलिसेकंद, त्यातल्या एका फ्रेमला शंभर लागले तर डोळ्याला धक्का बसतो, पण सरासरी जेमतेम हलते. म्हणून नुसता सरासरी फ्रेमचा आकडा दाखवून कार्ड विकणाऱ्याचं मी ऐकत नाही.

घरच्या घरी तपासायचं तर एका वेळी एकच सेटिंग बदला. जीटीए ५ यासाठी फार चांगला आहे, कारण त्याच्या ग्राफिक्स मेनूत व्हिडिओ मेमरी किती भरली याची पट्टीच दिसते. टेक्श्चर क्वालिटी वाढवा, पट्टी झटकन पुढे सरकते, आणि जागा असेल तोवर फ्रेमवर फारसा परिणाम होत नाही. मग टेक्श्चर पूर्ववत करून ग्रास क्वालिटी शेवटच्या टोकाला न्या. पट्टी जेमतेम हलेल, पण गावाबाहेरच्या गवताळ भागात गाडी नेली की फ्रेम धाडकन खाली येतील. पहिल्या सेटिंगनं जीबी खाल्ले, दुसऱ्यानं चिप. हे एकदा स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं की 'चार जीबीचं कार्ड' असं कोणाच्या तोंडून पुन्हा निघणार नाही.

हीच युक्ती इतर गेमना लावा. नुसतं टेक्श्चर एक पायरी खाली आणून थिजणं थांबलं तर मेमरी कमी होती. टेक्श्चर तसंच ठेवून रिझोल्यूशन १०८०वरून ७२०वर आणलं आणि फ्रेम भराभर वाढल्या तर चिप कमी आहे. दोन्ही करूनही आकडा जागचा हलला नाही तर अडचण बहुधा संगणकाच्या मुख्य प्रोसेसरची आहे. इंटेलच्या जुन्या आय३ प्रोसेसरवर व्हॅलोरंट खेळणाऱ्याला नवं कार्ड फार काही देणार नाही.

आणखी एक गोष्ट सांगायलाच हवी. विंडोजच्या टास्क मॅनेजरमध्ये कार्डाच्या पानावर 'जीपीयू मेमरी' म्हणून जो आकडा येतो, त्यात 'शेअर्ड' मेमरीही मिळवलेली असते. ही शेअर्ड मेमरी म्हणजे तुमच्याच रॅमचा साधारण अर्धा भाग, गरज पडली तर उसना घ्यायचा. दोन जीबीचं कार्ड सोळा जीबी रॅमच्या संगणकात लावलं की तिथे दहाच्या आसपास आकडा दिसतो, आणि सेकंडहँड कार्डाच्या जाहिरातीत त्याच पानाचा फोटो टाकून 'दस जीबी ग्राफिक्स' लिहिलेलं असतं. बघायचा तो 'डेडिकेटेड'चा आकडा. बाकी सगळी उसनवारी आहे, आणि ती त्या अरुंद स्लॉटमधूनच येते.

एनव्हिडिया की एएमडी, पंखे दोन की तीन, खोक्यावर 'ओसी' (कारखान्यातच वेग थोडा वाढवलेलं) लिहिलंय की नाही, यांवर लोक तासन्‌तास वाद घालतात. यातल्या कशानंही गेमचा दर्जा फारसा बदलत नाही. रंगीत दिव्यांसाठी जास्त पैसे देणं मला अजिबात पटत नाही. तेच पैसे एक पायरी वरच्या चिपमध्ये घाला.

माझं मत असं : आधी चिप ठरवा, मग त्या चिपला पुरतील इतके जीबी बघा. नुसतं व्हॅलोरंट, सीएस २, जीटीए ५ खेळायचं असेल तर चांगल्या चिपचे चार जीबी १०८०वर चालून जातात. नवे मोठे गेम खेळायचे असतील तर आठच्या खाली नवं कार्ड घेऊ नका. आणि एकाच किमतीत दुबळ्या चिपचे बारा व दमदार चिपचे आठ समोर आले, तर मी आठ घेईन.

सेकंडहँड घेत असाल तर जीपीयू-झेड हे कार्डाची माहिती दाखवणारं छोटं मोफत सॉफ्टवेअर पेनड्राइव्हवर घेऊन जा. एएमडीची आरएक्स ५८० आठ जीबी म्हणून जी कार्डं फिरतात, त्यांतली बरीच २०४८ शेडरची (एएमडीच्या कोअरची) असतात. खऱ्या ५८०त २३०४ असतात. हा आकडा 'शेडर्स'च्या रकान्यात दिसतो. तिथेच मेमरीचा प्रकार, बसची, म्हणजे रस्त्याची, रुंदी आणि बँडविड्थ, म्हणजे त्या रस्त्याचा वेगही लिहिलेला असतो. बायोस (कार्डातलं मूळ सॉफ्टवेअर) बदलून नाव पालटलेली एनव्हिडियाची बनावट कार्डंही हे सॉफ्टवेअर २०१८पासून ओळखतं. निघण्याआधी एसएमपीएसवरचे (संगणकाच्या पॉवर सप्लायवरचे) वॅट आणि सहा किंवा आठ पिनांची वायर आहे का, ते पाहून घ्या. स्लॉटमधून कार्डाला ७५ वॅटच मिळतात. घरी आल्यावर मॉनिटरची केबल कार्डाच्या पोर्टला लावा, मदरबोर्डाच्या नव्हे.