पार्श्वभूमी : मसूर, वांगी आणि उलटे अक्षांश-रेखांश

कराड तालुक्यात मसूर आहे, कडेगाव तालुक्यात वांगी, साताऱ्याजवळ लिंब (तेच, बारा मोटांच्या विहिरीचं) आणि वाळवा तालुक्यात तांदुळवाडी. ही गावं एका नकाशावर मांडली, टिचकी मारली की त्या त्या जिन्नसाचं चित्र उमटेल अशी सोय केली, की झाला गंमत-नकाशा.

या प्रकाराची वंशावळ फार मागे न्यायला नको. १९९६ साली इंटरनेटवर एक हौशी उपक्रम सुरू झाला: पूर्ण अंशांचे अक्षांश-रेखांश जिथे छेदतात तिथे जाऊन फोटो काढायचा. १७ उत्तर, ७५ पूर्व हा असा छेद आपल्याकडे कवठेमहांकाळ आणि जतच्या दरम्यान पडतो. २००५ साली एका बड्या कंपनीने आपला नकाशा इतरांना वापरू दिला आणि हौशींना रान मोकळं झालं. २०११ मध्ये लीफलेट हे वेबपानावर नकाशा दाखवणारं साधन आलं. खाली ओपनस्ट्रीटमॅप हा लोकांनी मिळून केलेला खुला नकाशा अंथरायचा, वर आपली टिंबं.

घोळ मात्र २००८ मध्येच घालून ठेवला होता. ठिकाणांच्या याद्या ज्या जिओजेसन साच्यात ठेवतात, त्यात आधी रेखांश, मग अक्षांश असं ठरलं. त्यावर पुष्कळ वाद झाले, तरी २०१६ च्या मानकात, म्हणजे आरएफसी ७९४६ मध्ये, तोच क्रम कायम राहिला. समर्थन असं की आलेखात आडवा अक्ष आधी येतो. गणिताला धरून आहे, मान्य. पण शाळेपासून आपण ‘अक्षांश-रेखांश’ म्हणतो, मोबाइलवरच्या नकाशातून उचललेली जोडी अक्षांशापासून सुरू होते, आणि लीफलेटचा मार्कर, म्हणजे नकाशावरचं टिंब, तोही अक्षांशच आधी मागतो. एकाच पानात दोन उलट क्रम! भुर्दंड पडतो तो नवख्याला.

सातारा साधारण १७.६८ उत्तर, ७४.०० पूर्व. हेच उलटं भरलं की शहर नॉर्वे आणि स्वालबार्डच्या मधल्या समुद्रात, बेअर बेटापासून साठेक किलोमीटरवर पोचतं. सांगली (१६.८५, ७४.५६) उलटली तर तीही त्याच बेटाच्या पश्चिमेला, जवळपास तेवढ्याच अंतरावर. शिवाय प्रोग्राम तक्रार करत नाही. अक्षांश ९० पर्यंतच असतो आणि आपला रेखांश त्याच्या आत बसतो, त्यामुळे चूक वैध ठरते. जपानचे रेखांश शंभराच्या पुढचे, तिथे चूक लगेच पकडता येते. म्हणून जिओजेसन फाइल चढवण्याआधी पाहायचं: महाराष्ट्रातल्या प्रत्येक जोडीचा पहिला आकडा ७२ ते ८१ मध्ये आणि दुसरा १५ ते २३ मध्ये हवा. दोन्ही रकाने रिकामे राहून शून्य धरले गेले तर गाव थेट गिनीच्या आखातात जातं.

नावांचा त्रास वेगळा. ‘कवठे’ शोधलं की वाईकडचं कवठे, तासगावकडचं कवठे एकंद, मिरज तालुक्यातलं कवठेपिरान आणि कवठेमहांकाळ, सगळी येतात. नुसतं ‘वांगी’ टाकलं तर करमाळ्याचंही हाती लागू शकतं, तेव्हा तालुका जोडायचाच. ‘कऱ्हाड’ तर दिसायला एकच, पण त्यातला ऱ कधी एक अक्षर म्हणून साठवलेला असतो, तर कधी र आणि नुक्ता (अक्षराखालचं टिंब) असा. मग डोळ्यांना सारखी दिसणारी नावं जुळत नाहीत. यादी आत घेतानाच सगळी नावं युनिकोडच्या एनएफसी रूपात, म्हणजे अशी अक्षरं एकाच ठरावीक पद्धतीने साठवणाऱ्या रूपात, आणली की हा फरक जातो. ‘कराड’ हे त्याच गावाचं दुसरं लेखन मात्र वेगळं लिहून ठेवावं लागतं.