डोंगळ्यांना काय घालावं, किती घालावं आणि उरलेलं कधी उचलावं

मुंग्यांची वसाहत घरी नेणाऱ्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

वसाहत घरी नेल्यावर ग्राहकांचे जे फोन येतात, ते बहुतेक दोनच प्रकारचे. एक, ‘मुंग्या काही खातच नाहीत.’ दुसरा, ‘डब्यात पांढरं पांढरं काहीतरी हलतंय.’ चौकशी करत गेलं की दोन्हींचं मूळ बहुधा एकाच ठिकाणी सापडतं: परवा टाकलेल्या आणि अजून तिथेच पडून असलेल्या खाण्यात. म्हणून खाणं आणि कीड यांची दोन पत्रकं न छापता हे एकच छापलं आहे.

हे मुख्यतः मोठ्या काळ्या डोंगळ्यांसाठी आहे. शास्त्रीय नाव कॅम्पोनोटस कॉम्प्रेसस. अंगणातल्या झाडावर, गुळाच्या ढेपेभोवती दिसतात तेच. आमच्याकडून जाणाऱ्या वसाहतींत त्यांचीच संख्या जास्त असते. खाली ‘घर’ म्हटलं आहे ती राणी आणि अळ्यांची अंधारी जागा, आणि ‘अंगण’ म्हणजे खाणं ठेवण्याचा उघडा भाग.

एकीने खाल्लं म्हणजे सगळ्यांनी खाल्लं

कामकरी मुंगीला घन पदार्थ गिळता येत नाही. ती रस तेवढा शोषून घेते आणि चोथ्याची बारीक गोळी करून टाकून देते. तो रस आधी जातो तिच्या पुढच्या पोटात, आणि हे पोट म्हणजे सगळ्या वसाहतीची साठवण. घरात परतली की तोंडाला तोंड लावून ती तो दुसरीला देते, दुसरी तिसरीला, आणि असं करत तो राणीपर्यंत आणि अळ्यांपर्यंत पोचतो. दहा मुंग्या बाहेर आल्या आणि बाकीच्या आत बसून राहिल्या, तरी उपाशी कुणीच नसतं.

याच कारणाने एका मुंगीला झालेली विषबाधा एकीपुरती राहत नाही. हे आम्ही पुस्तकात वाचून शिकलो असतो तर बरं झालं असतं. सुरुवातीच्या दिवसांत आमच्याच कामाच्या खोलीत कुणीतरी जिन्यात मिळालेलं एक झुरळ हौसेने डोंगळ्यांना दिलं. खालच्या मजल्यावर त्याच आठवड्यात पेस्ट कंट्रोल झालं होतं, हे नंतर कळलं. पहिल्या दिवशी मुंग्या खूश. दुसऱ्या दिवशी काही जणी उताण्या पडून पाय झाडत होत्या. चौथ्या दिवशी राणी गेली. झुरळांच्या जेलमध्ये फिप्रोनिलसारखं जे औषध असतं, ते मुद्दामच सावकाश काम करणारं असतं. झुरळाने ते खावं, फटीत परत जावं, तिथे मरावं आणि त्याला खाणाऱ्या इतर झुरळांनाही सोबत न्यावं, अशीच त्याची योजना. तुमच्या मुंग्या त्या योजनेत नसतात, पण औषधाला ते कळत नाही.

तेव्हा घरात, जिन्यात, बागेत मिळालेला किडा देऊ नका, मग तो जिवंत असो, मेलेला असो की ताजा दिसत असो. रॅकेटने मारलेले डाससुद्धा नकोत, कारण ते आधी कुठल्या फवाऱ्यातून उडून आले ते आपल्याला ठाऊक नसतं.

गोड

पूर्ण वाढलेल्या मुंग्या चालतात गोडावर. साखर एक भाग, पाणी तीन ते चार भाग, बस. मध द्यायचा तर तोही असाच पातळ करून. गूळ चालतो, पण त्याचं पाणी लवकर आंबतं, म्हणून आम्ही साखरच सुचवतो. ‘शुगर फ्री’ गोळ्या किंवा पावडर मात्र अजिबात नको. त्यांतून ताकद काही मिळत नाही, आणि काहींमध्ये असणारं एरिथ्रिटॉल किड्यांना घातक ठरतं.

साखरपाणी झाकणात ओतू नका. ‘मुंगीला मुताचा पूर’ असं आपण थट्टेने म्हणतो, पण घट्ट मधाच्या एका थेंबात चार डोंगळे चिकटून मेलेले आम्ही पाहिले आहेत. कापसाचा छोटा बोळा भिजवा, हलका पिळा आणि झाकणात ठेवा. दोन दिवसांनी बोळा बदला. एप्रिल-मेमध्ये रोज बदलला तर उत्तम, कारण उन्हाळ्यात साखरपाणी एका दिवसात आंबतं आणि त्या वासाला चिलटं धावून येतात.

किडे, म्हणजे अळ्यांचं जेवण

प्रथिनं लागतात ती मुख्यतः वाढणाऱ्या अळ्यांना आणि अंडी घालणाऱ्या राणीला. अळ्या नसतील तर किड्याकडे कुणी ढुंकूनही पाहणार नाही. ‘खात नाहीत’ या तक्रारीचं निम्मं उत्तर इथेच आहे. दुसरं निम्मं थंडीत सापडतं: डिसेंबर-जानेवारीत डोंगळे मंदावतात, तेव्हा त्यांना आग्रह करू नका.

पाळीव पाखरांच्या आणि शोभेच्या माशांच्या दुकानात मिळणारे मीलवर्म, म्हणजे एका भुंगेऱ्याच्या अळ्या, हा सगळ्यांत सोपा पर्याय. पाळीव रातकिडेही चालतात. आणल्यावर दोन दिवस फ्रीजरमध्ये ठेवा आणि देण्याआधी उकळत्या पाण्यात मिनिटभर टाका. याने दोन कामं होतात. किडा निपचित असतो, त्यामुळे लहान वसाहतीतली एखादी मुंगी झटापटीत जखमी होत नाही. आणि मीलवर्मच्या कोंड्यातून येणारे बारीक कोळीकण, म्हणजे माइट, तिथेच संपतात. मीलवर्मची कातडी चिवट असते, म्हणून कात्रीने तुकडा करून द्या. आत रस दिसायला हवा.

दहा-वीस कामकरी असतील तर एका डोंगळ्याच्या पोटाएवढा तुकडा, आठवड्यातून दोनदा. शंभराच्या वर गेल्या की अर्धा ते एक मीलवर्म. यापेक्षा नेमकं माप आमच्याकडेही नाही. संध्याकाळी ठेवा, सकाळी पाहा. काही उरलं नसेल तर पुढच्या वेळी थोडं वाढवा, अर्धं उरलं तर कमी करा.

घरी शाकाहार असलेले ग्राहक दर आठवड्याला विचारतात की पनीर चालेल का. कधीमधी कणभर चालेल. पण नुसत्या पनीरवर अळ्या नीट वाढत नाहीत आणि त्याला बुरशी फार लवकर येते. फ्रीजर स्वयंपाकघरातला असेल तर मीलवर्मचा डबा वेगळ्या बंद डब्यात ठेवा आणि त्यावर नाव लिहा. याचं कारण एका ग्राहकाच्या सासूबाईंना विचारा.

भात, पोळी, बिस्किटाचा चुरा, फरसाण यांतलं काही नको. मुंग्या ते उचलून नेतील, त्याने तुम्हाला आनंद होईल, आणि आठवड्याने घराच्या कोपऱ्यात हिरवी बुरशी दिसेल.

नळीतली एकटी राणी

राणी एकटीच नळीत असेल तर तिला काहीही देऊ नका. पंख गळून पडल्यावर तिच्या उडण्याच्या स्नायूंचा आता उपयोग नसतो. तेच आतल्या आत जिरवून ती पहिली पिल्लं वाढवते. अंड्यापासून पहिली कामकरी बाहेर यायला महिना-दीड महिना सहज जातो. तोवर नळी अंधारात ठेवा आणि आठवड्यातून एकदाच पाहा. रोज उघडून पाहिलं तर ती अंडी खाऊनही टाकते. नळीतलं पाणी अडवणारा कापूस काळा पडला तर घाबरू नका. पाणी संपणं हे त्याहून कितीतरी वाईट. पहिल्या चार-पाच कामकरी दिसल्या की टाचणीच्या टोकाएवढं साखरपाणी द्यायला सुरुवात करा.

डब्यात हलतंय ते काय आहे?

पावसाळ्यात, विशेषतः मुंबईत आणि कोकणात, डब्यात काहीतरी हलणारच. आधी ओळख पटवा, मग उपाय.

मऊ ब्रशने हात लावल्यावर टुणकन उडी मारते ती स्प्रिंगटेल. ती बुरशी खाते आणि मुंग्यांना काही करत नाही, उलट झाडूवाल्याचं काम करते. तिला राहू द्या. भराभरा पळणारे फिकट किडे म्हणजे पुस्तकांत सापडतात तसले. दमट हवा आहे एवढंच ते सांगतात. डबा थोडा कोरडा करा.

हळू सरकणारे, पिठाच्या कणासारखे गोल दिसतात ते माइट. उरलेल्या किड्यावरच असतील तर फार काळजी नको. तो तुकडा, कचऱ्याचा ढीग, ओला बोळा सगळं काढा, अंगण पुसून कोरडं करा आणि आठवडाभर फक्त साखरपाणी द्या. मुंग्यांच्या अंगावर, विशेषतः सांध्यांत आणि डोक्याखाली चिकटलेले दिसले तर मात्र वसाहत स्वच्छ घरात हलवायला हवी. अशा वेळी भिंगातून फोटो काढून आम्हाला पाठवा. लिंबाची फोड ठेवण्याचा उपाय अनेक जण सांगतात. आम्हाला त्याचा गुण आलेला नाही. कुत्र्या-मांजरांच्या गोचिडांचं औषध शिंपडू नका. माइट मरतील तेव्हा मुंग्याही शिल्लक नसतील.

पाठीवर कुबड असलेली, उडण्याऐवजी थांबत थांबत धावणारी बारीक माशी दिसली तर अंगणातला मेलेला किडा ताबडतोब उचला. ती त्यावरच अंडी घालते. तिच्यासाठी आणि चिलटांसाठी झाकणाला स्टीलची बारीक जाळी हवी. मच्छरदाणीची जाळी यासाठी फार ढोबळ पडते.

मुंग्या आपला कचरा आणि मेलेल्या बहिणी एका कोपऱ्यात रचतात. ते आजाराचं लक्षण नाही, चांगली शिस्त आहे. आठवड्यातून एकदा तो ढीग चिमट्याने काढला की अर्ध्या किडींचं घर मोडतं.

मुंग्यांना लागलेल्या मुंग्या

पुष्कळांना हे खरं वाटत नाही, पण शहरातल्या फ्लॅटमध्ये पाळीव डोंगळ्यांचा सगळ्यांत मोठा शत्रू म्हणजे ओट्यावरची बारीक मुंगी. फिकट अंग आणि काळं डोकं असलेली, जेमतेम दीड मिलिमीटरची. साखरेच्या वासाने एक येते, रात्रीत शेकडो येतात, आणि डोंगळ्यांच्या अळ्या उचलून नेतात. तुम्ही वापरता तो खडू किंवा स्प्रे इथे चालत नाही, कारण तो आतल्या मुंग्यांनाही तितकाच मारक आहे.

उपाय आपल्या आज्यांकडे होता. दूध-तुपाच्या जाळीच्या कपाटाच्या चारही पायांखाली पाण्याच्या वाट्या असायच्या. तसंच करा. परातीत बोटभर पाणी घ्या, मध्ये उलटी वाटी ठेवा आणि तिच्यावर डबा. पाण्यात भांड्यांच्या साबणाचा एक थेंब टाका, म्हणजे मुंगीला त्यावर तरंगून जाता येत नाही. डबा भिंतीला किंवा पडद्याला टेकलेला नको; एक दोरा टेकला तरी पूल तयार. आणि हे पाणी दर तीन दिवसांनी ओतून परात घासा. साचलेल्या पाण्यात डेंग्यूच्या डासाची पिढी आठ-दहा दिवसांत तयार होते.

तुमच्या मुंग्या बाहेर येऊ नयेत म्हणून अंगणाच्या वरच्या काठाला आतून लावलेला टाल्कम पावडरचा पट्टा दमट हवेत गळतो. जूनपासून सप्टेंबरपर्यंत तो दर पंधरा दिवसांनी नवा लावा. पावडर स्पिरिटमध्ये कालवून ब्रशने लावा आणि पूर्ण वाळून वास गेल्याशिवाय मुंग्यांना आत सोडू नका.

घरातल्या इतरांना सांगून ठेवा

डासांची कॉइल, प्लगमध्ये लावायचं लिक्विड, डांबरगोळ्या, फिनेलने पुसलेलं टेबल यांपासून डबा वेगळ्या खोलीत ठेवा. सोसायटीत पेस्ट कंट्रोलची नोटीस लागली तर आदल्या रात्रीच डबा ओळखीच्या घरी हलवा. परत आणल्यावर जिथे फवारा बसला त्या पृष्ठभागावर तो ठेवू नका. वास गेला म्हणजे औषध गेलं असं नसतं. ते भिंतीच्या कडेला आठवडे टिकतं.

मुंग्या उताण्या पडून पाय झाडताना दिसल्या तर अंगणातलं सगळं खाणं आणि पाणी काढा, स्वच्छ हवेत न्या आणि ताजं साधं पाणी द्या. दुसरा उतारा आमच्याकडे नाही.

गणपतीला किंवा दिवाळीत गावी जाताना निघायच्या आदल्या दिवशी किड्याचा तुकडा द्या, निघताना तो उचला, पाण्याची नळी भरा आणि साखरपाण्याचा ताजा बोळा ठेवा. आठ-दहा दिवस वसाहत निभावते. शेजारच्या काकूंकडे चावी दिलीच तर डब्यावर ठळक चिठ्ठी लावा: ‘यांना काहीही घालू नका. मोदकसुद्धा नको.’