बिनतारी उपकरणांची सुरक्षा: पहिल्या किल्लीचा जुना प्रश्न

बिनतारी संदेश हवेतून जातो, त्यामुळे पल्ल्यातला कोणीही तो टिपू शकतो. हे सुरुवातीपासून माहीत होते. वायफायच्या १९९७ च्या पहिल्याच मानकात डब्ल्यूईपी ही कूटलेखनाची, म्हणजे गुप्त किल्लीशिवाय संदेश वाचता येऊ नये अशी, पद्धत होती, पण २००१ मध्ये फ्लूरर, मँटिन आणि शमीर या संशोधकांनी तिची किल्ली शोधून काढण्याची रीत मांडली. २००४ मध्ये डब्ल्यूपीए२ या वायफायच्या नव्या सुरक्षा पद्धतीसोबत एईएस हे मजबूत कूटलेखन आले आणि कूटलेखनाचा पाया बऱ्यापैकी भक्कम झाला. तरी पुढे आलेले बिनतारी दिवे, कुलपे आणि सेन्सर असुरक्षितच राहिले.

अडचण गणिताची नव्हतीच. या वस्तूंना ना पडदा, ना कीबोर्ड. मग त्यांना पहिली किल्ली द्यायची कशी?

घरातली लहान उपकरणे बिनतारी जोडणाऱ्या झिगबी या मानकाचे उदाहरण बघण्यासारखे आहे. त्यात सुरुवातीपासून १२८ बिटांचे एईएस आहे. मात्र नवा दिवा नेटवर्कमध्ये घेताना नेटवर्कची खरी किल्ली त्याला हवेतूनच पाठवली जाई, आणि ती झाकायला वापरलेली किल्ली सगळ्या उत्पादकांसाठी एकच होती: मानक बनवणाऱ्या संस्थेचे नाव आणि पुढे ०९. रोमन लिपीत मोजून सोळा अक्षरे, म्हणजे बरोबर १२८ बिट. ती केव्हाच फुटली होती. जोडणीच्या त्या काही क्षणांत कोणी ऐकत असेल, तर पुढचे सगळे कूटलेखन त्याच्यासाठी उघडे. झिगबी ३.० मध्ये प्रत्येक उपकरणाला स्वतंत्र कोड देण्याची सोय झाली. कमी ऊर्जेच्या ब्लूटूथमध्येही जोडणीची पद्धत अशीच कच्ची होती. २०१४ च्या ४.२ आवृत्तीने ती सुधारली.

२०१६ च्या मिराई या घातक प्रोग्रामने तर कूटलेखनाला हातही लावला नाही. इंटरनेटवर टेलनेट (दुरून आज्ञा देण्याची जुनी सोय) उघडे असलेले कॅमेरे आणि राउटर शोधायचे आणि कारखान्यातून आलेल्या साठेक नाव-पासवर्डच्या जोड्या लावून बघायच्या, एवढेच त्याचे काम. २१ ऑक्टोबरला अशा उपकरणांच्या फौजेने संकेतस्थळांची नावे त्यांच्या पत्त्यांशी जोडून देणाऱ्या डिन या कंपनीवर हल्ला चढवला आणि ट्विटर, नेटफ्लिक्ससारख्या सेवा अमेरिकेत अनेकांना काही तास मिळेनाशा झाल्या. उपकरण बंद करून चालू केले की मिराई मेमरीतून पुसले जाई. पासवर्ड तोच असल्याने काही मिनिटांत परतही येई. कित्येक कॅमेऱ्यांत तो फर्मवेअरमध्येच (उपकरणात कायम बसवलेल्या सॉफ्टवेअरमध्ये) पक्का केलेला होता, मालकाला बदलताच येत नव्हता. अशा वेळी ग्राहकाला निष्काळजी म्हणणे मला सरळ अन्याय वाटतो.

कायद्यांचा रोख उत्पादकांकडे वळला तो यानंतर. कॅलिफोर्नियाचा कायदा जानेवारी २०२० मध्ये लागू झाला, त्याच वर्षी युरोपात ईटीएसआय या दूरसंचार मानके ठरवणाऱ्या संस्थेचे मानक आले. ब्रिटनने २९ एप्रिल २०२४ पासून सर्वांना सारखे पासवर्ड देण्यावर बंदी घातली आणि सुरक्षा अपडेट कधीपर्यंत मिळतील हे जाहीर करणे सक्तीचे केले. किमान मुदत मात्र ठरवली नाही. युरोपीय संघाच्या सायबर रेझिलियन्स कायद्याने ती साधारणपणे पाच वर्षे ठरवली आहे, आणि त्यातली मुख्य बंधने डिसेंबर २०२७ पासून लागू होतील. दाराचे कुलूप पाच वर्षांहून कितीतरी जास्त टिकते, तेव्हा ही मुदत मला अपुरी वाटते.