नळी की चमचा?

घास तोंडात गेलेला असतो. भरवणारी व्यक्ती चमचा हातात धरून वाट बघत असते. जबडा दोन-तीनदा हलतो, मग थांबतो. घास गालातच राहतो, कारण पुढे काय करायचं हे तोंडाला आठवत नाही. घोटभर पाणी द्यावं तर ठसका लागतो. स्मृतिभ्रंशाच्या, म्हणजे डिमेन्शियाच्या, शेवटच्या टप्प्यात ही वेळ बहुतेकांवर येते. मग डॉक्टर घरच्यांना विचारतात, "अन्नासाठी नळी घालायची का?"

ज्याला ती नळी घालायची, त्याला विचारायची सोय तेव्हा उरलेली नसते. एखाद्या घरात कपाटातून कागद निघतो. त्यावर लिहिलेलं असतं, 'मी कोमात असेन आणि बरं होण्याची आशा नसेल, तर मला व्हेंटिलेटरवर ठेवू नये.' पण माणूस कोमात नाही. डोळे उघडे आहेत, हात धरला तर तो धरून ठेवतो. व्हेंटिलेटरचा तर विषयच नाही. कागद खरा, सही खरी, फक्त समोर आलेला प्रश्न त्या कागदाला माहीत नाही.

लिहिणाऱ्याला तरी काय दोष द्यायचा? 'लिव्हिंग विल'ची, म्हणजे पुढच्या उपचारांबद्दल आधीच लिहून ठेवायच्या अशा कागदाची, कल्पना लुइस कुटनर या अमेरिकन वकिलाने 1969 साली मांडली, तेव्हा डोळ्यांपुढे होते ते शुद्ध कायमची हरपलेले रुग्ण. स्मृतिभ्रंशाची चाल निराळी. निदानानंतर साधारण 4 ते 8 वर्षं, काहींच्या बाबतीत 20 सुद्धा, माणूस थोडा थोडा कमी होत जातो. 'आता निर्णय घ्या' असं ठणकावून सांगणारा दिवस त्यात सहसा उगवत नाही.

अमेरिकेतल्या नर्सिंग होममधल्या, आजार अगदी पुढे गेलेल्या 323 जणांवर संशोधकांनी दीड वर्ष लक्ष ठेवलं. तो अभ्यास 2009 मध्ये प्रसिद्ध झाला. त्या दीड वर्षात निम्म्याहून अधिक जण गेले. हार्ट अटॅकसारखं अचानक काही क्वचितच घडलं. 86 टक्के जणांना खाण्या-गिळण्याचा त्रास झाला, 41 टक्के जणांना न्यूमोनिया. म्हणजे स्मृतिभ्रंश हा नुसता विसरण्याचा आजार नाही, तो जीवघेणा आजार आहे. हे आपल्याला कुणी स्पष्ट सांगत नाही आणि आपणही विचारत नाही. याच अभ्यासातली मला सर्वांत महत्त्वाची वाटलेली गोष्ट अशी: ज्यांच्या नातेवाइकांना हा आजार पुढे कुठे नेतो हे कळलेलं होतं, त्यांच्या वाट्याला शेवटच्या तीन महिन्यांत हॉस्पिटलच्या फेऱ्या, सलाइन आणि नळ्या बऱ्याच कमी आल्या.

आता नळीकडे वळू. गिळणं आपल्याला सोपं वाटतं, पण त्यासाठी जीभ, घसा आणि स्वरयंत्र यांना ठरलेल्या क्रमाने, क्षणभरात हालचाल करावी लागते. घास खाली उतरताना श्वास थांबतो आणि श्वासनलिकेचं तोंड मिटतं. मेंदूकडून येणारा हा ताल बिघडला की अन्न चुकीच्या वाटेने फुप्फुसाकडे जातं आणि न्यूमोनिया होतो. मग नळीने थेट पोटात अन्न दिलं तर न्यूमोनिया टळेल, हा तर्क वरवर बिनतोड वाटतो. पण तोंडातली लाळ तरीही घशाखाली उतरतच असते आणि पोटातलं अन्न वर येऊन श्वासनलिकेत जाऊ शकतं. शेवटच्या टप्प्यातल्या रुग्णांचं आयुष्य नळीने वाढतं किंवा न्यूमोनिया थांबतो, असं अभ्यासांत दिसलेलं नाही. शिवाय हे काय लावलंय ते न समजल्यामुळे रुग्ण नळी ओढून काढतो आणि मग त्याचे हात बांधले जातात. अमेरिकन जेरिॲट्रिक्स सोसायटीने 2014 मध्ये अशा रुग्णांसाठी नळीची शिफारस केली नाही. सावकाश, हाताने, झेपेल तेवढंच भरवावं असं सांगितलं. तरीही 'मग काय उपाशी मारायचं?' हा प्रश्न घरात उठतोच, आणि ज्याच्यासाठी तो विचारला जातो त्याचं स्वतःचं मत हाताशी नसेल, तर त्याचं उत्तर देण्याची हिंमत कुणाला होत नाही.

ते मत मिळवायचा काळ निदानानंतर काही महिने-वर्षांचाच असतो. अल्झायमर या स्मृतिभ्रंशाच्या प्रकारात आधी मेंदूतल्या हिप्पोकॅम्पसला, म्हणजे नव्या आठवणी साठवणाऱ्या भागाला, मार बसतो. विचारशक्ती आणि आवडनिवड त्यानंतरही बराच काळ टिकते. काल काय झालं ते आठवत नसलं, तरी 'मला हॉस्पिटलमध्ये मरायचं नाही' हे माणूस ठामपणे सांगू शकतो. फ्रंटोटेम्पोरल प्रकारात मात्र सारासार विचारच आधी ढळतो, त्यामुळे तिथे घाई हवी. लेवी बॉडी प्रकारात शुद्धीची भरती-ओहोटी चालते. बोलायचं ते भरतीच्या वेळी.

निर्णयक्षमता ही सगळी आहे किंवा सगळी गेली, अशी गोष्ट नाही. समोरची माहिती समजते का, ती स्वतःला लागू आहे हे उमगतं का, पर्याय तोलता येतात का आणि निवड सांगता येते का, हे डॉक्टर प्रत्येक निर्णयापुरतं पाहतात. बँकेचा हिशेब न जमणाऱ्या माणसालाही 'माझ्या वतीने थोरलीने बोलावं' एवढं नक्की ठरवता येतं.

वॉशिंग्टन विद्यापीठातले डॉक्टर बराक गॅस्टर यांनी 2017 मध्ये खास स्मृतिभ्रंशासाठी अशा कागदाचा नमुना मांडला. सौम्य, मध्यम आणि तीव्र अशा प्रत्येक टप्प्यावर उपचारांचा हेतू काय असावा, हे त्यात वेगवेगळं लिहायचं. शक्य तितकं जगवायचं? उपचार करायचे, पण हृदय थांबलं तर पुन्हा सुरू करायचा खटाटोप नको? की फक्त वेदना आणि धाप आटोक्यात ठेवायची? नावं ओळखू येईनाशी झाली तरी मला न्यूमोनियावर अँटिबायोटिक चालेल, पण कुणालाच ओळखत नसेन तेव्हा नको, असं कुणी लिहू शकतं. हा तपशीलच हवा.

पण जे कधी पाहिलं नाही त्याबद्दल ठरवायचं कसं? 2009 च्या एका प्रयोगात 200 वयस्कर माणसांना शेवटच्या टप्प्याचं वर्णन ऐकवलं. त्यातल्या जवळजवळ निम्म्यांना अशा रुग्णाचा छोटा व्हिडिओही दाखवला. नुसतं ऐकलेल्यांपैकी 64 टक्के जणांनी फक्त आराम देणारे उपचार निवडले, व्हिडिओ पाहिलेल्यांपैकी 86 टक्के जणांनी. सहा आठवड्यांनी पुन्हा विचारलं, तेव्हा ऐकणाऱ्यांतल्या 29 टक्के जणांचं मत बदललेलं होतं, पाहणाऱ्यांतल्या फक्त 6 टक्के जणांचं.

कागदाइतकाच महत्त्वाचा आपला प्रतिनिधी, म्हणजे आपल्या वतीने निर्णय सांगणारा माणूस. 'आमच्या मुलांना सगळं ठाऊक आहे' यावर विसंबू नये. हा विश्वास कितपत खरा ठरतो हे तपासणाऱ्या अभ्यासांचा 2006 साली एकत्र आढावा घेतला, तेव्हा रुग्णाला काय हवं असेल याचा जवळच्या माणसांचा अंदाज 68 टक्के वेळा बरोबर निघाला. म्हणजे साधारण तीनदा विचारलं तर एकदा चुकला. म्हणून प्रतिनिधीशी बोलावं, आणि इतर भावंडांसमोर बोलावं. सही-साक्षीदारांचे नियम देशोदेशी वेगळे आहेत, ते आपल्या इथल्या वकिलाला विचारावेत.

राहिला सगळ्यात अवघड प्रश्न. आज मी लिहिलं की त्या अवस्थेत मला काही उपचार नकोत. उद्या मी त्या अवस्थेत आहे, काही आठवत नाही, पण खिडकीत बसून गुणगुणतो आहे, खुशीत आहे. कुणाचं ऐकायचं, लिहिणाऱ्याचं की गुणगुणणाऱ्याचं? तत्त्वज्ञ रोनाल्ड ड्वॉर्किन लिहिणाऱ्याच्या बाजूने होते, कायद्याच्या अभ्यासक रिबेका ड्रेसर गुणगुणणाऱ्याच्या. मला यात एक बाजू घेणं जमलेलं नाही. पण प्रत्येकाने आपल्यापुरतं उत्तर कागदावर घालायला हरकत नाही. एक जण लिहील, 'तेव्हा मी आनंदी दिसलो तरी माझं आजचंच म्हणणं धरा.' दुसरा लिहील, 'तेव्हा मी हसत असेन, तर हा कागद बाजूला ठेवा.' खाली तारीख घालावी, दर वर्षी वाचून पाहावं, आणि एक प्रत ज्याला रात्री दोन वाजता फोन जाणार आहे त्याच्याकडे द्यावी.